रात्रीचे पाणी, रात्रपाळी आणि झोप



बेणे, खत, पाणी यांवर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या खेपेस विषय झोपेचा आहे. ऐकून काहींना हसू येईल, पण दारे धरायला रात्री दोनला उठणारा सभासद हसणार नाही!

भिवंडीचे उदाहरण घ्या. तेथे यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालत आल्या आहेत. कारागीर बहुतेक परगावचे. एक पाळीवरून आला, की दुसरा त्याच खोलीतून कामावर निघतो. रात्रपाळीवाल्याने दिवसा झोपायचे ते उकाड्यात, मागांच्या खडखडाटात. मग तो कितीही वेळ पडून राहिला तरी उठताना शिणलेलाच.

त्याचे कारण शरीरातील घड्याळ. ते पेशींत कसे चालते याच्या शोधाबद्दल हॉल, रोसबॅश व यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते आणि अंग झोपेला तयार होते. डोळ्यांवर उजेड आला की ते आटते. दिवसाची झोप त्यामुळेच उथळ लागते.

आपल्याकडे शेतीपंपाची वीज दिवसा-रात्री अशी आलटून पालटून मिळत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ज्यांच्या फीडरवर ती आली, ते सुटले. बाकीच्यांनी काय करावे?

प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. पाणी पाजून पहाटे आलात तर अंधाऱ्या खोलीत, खिडकीला जाड गोधडी लावून झोपा. झोप पुरी झाली नाही तर दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्या. दुपारभर ताणून दिली तर रात्री डोळा लागणार नाही. झोपण्याआधी पाच-सहा तास चहा नको; आणि पाण्यावरून आल्यावर तर नकोच, मग घरच्यांनी कितीही आग्रह करो. तंबाखू, मिश्रीनेही झोप उडते. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते. आणि उशाशी मोबाईल कशाला? त्याचा उजेडही उजेडच.

कोणी मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो व दिवसा बसल्याजागी पेंगतो, तर तो थकवा समजू नका. त्याला डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर ट्रॅक्टर चालवायला देऊ नका.