परीकथांचे वाचन आणि कथनविद्या : जोसेफ जेकब्ज ह्यांच्या इंग्रजी व केल्टिक संग्रहांच्या आधारे एक विचार

गोष्ट सांगण्याची विद्या आत्मसात करू पाहणारा मनुष्य जुन्या परीकथांकडे वळतो, तो बहुधा कथावस्तूच्या शोधात. राक्षस, मंतरलेला मनोरा, बोलणारा पक्षी, अशी सामग्री तेथे विपुल आहे आणि ती कोणासही उचलता येते. परंतु कथावस्तू ही लोककथेतील सर्वांत सहज उसनी मिळणारी गोष्ट होय. ती सांगावयाची कशी, कोठे थांबावयाचे, काय गाळावयाचे, हे ज्ञान सहजासहजी हाती येत नाही. कारण छापील पानावर कथकाचा आवाज नसतो. मग अशा पुस्तकांतून कथनाची प्रेरणा मिळते ती नेमकी कोठून? ह्या प्रश्नाचे उत्तर जोसेफ जेकब्ज ह्यांच्या संग्रहांच्या आधारे शोधण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जेकब्ज (१८५४–१९१६) ह्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे झाला. त्यांचा इंग्रजी परीकथांचा पहिला संग्रह १८९० मध्ये व केल्टिक परीकथांचा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला; १८९४ पर्यंत दोहोंचेही दुसरे भाग निघाले. ‘परीकथा’ ह्या संज्ञेचा अर्थ त्यांनी व्यापक घेतला. पुष्कळ कथांत परी मुळीच नाही, काहीतरी अद्भुत मात्र आहे. ह्या संग्रहांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या शेवटी आहे. कथा संपल्या, आता मुलांनी पुढे वाचू नये, अशी दवंडी तेथे पिटलेली असून तिच्यापुढे प्रौढ अभ्यासकासाठी टिपा दिल्या आहेत. कथा कोठून घेतली, तिची समांतर रूपे कोणती आणि संपादकाने तीत कोणता फेरफार केला, हे त्यांत नमूद आहे. कथनाच्या अभ्यासकाने ह्याच टिपांपासून आरंभ करावा, असे आम्हांस वाटते. कथा आणि टीप शेजारी ठेवली की एका कथकाने दुसऱ्या कथकाची गोष्ट घेऊन तिचे काय केले, हे प्रत्यक्ष दिसते.

‘चाइल्ड रोलंड’ ही कथा ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रॉबर्ट जेमिसन ह्यांनी बालपणी एका शिंप्याच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट १८१४ मध्ये छापली. बहिणीच्या शोधात निघालेला धाकटा भाऊ वाटेत भेटणाऱ्या गुराख्यांना मार्ग विचारतो. प्रत्येक जण त्याला पुढच्याकडे पाठवितो. जेकब्ज ह्यांनी दोन राखे अनावश्यक म्हणून गाळले आणि त्यांच्या कथेत घोडे राखणारा, गाई राखणारा व कोंबड्या पाळणारी स्त्री असे तिघेच उरले. पहिल्याने अपेक्षा निर्माण होते, दुसऱ्याने ती दृढ होते आणि तिसऱ्याने उत्तर मिळते. चौथा आला तर श्रोत्याचे लक्ष ढळण्याचा संभव असतो. तीन ह्या संख्येचे महत्त्व लोककथांचे अभ्यासक पुष्कळदा सांगतात, परंतु येथे ते एका संपादनक्रियेतून उघड होते. बहीण चर्चला सूर्याच्या गतीच्या उलट फेरी घालते आणि त्यामुळे पर्‍यांच्या राजाच्या हाती सापडते, हे कारण आपणच सुचविल्याचे जेकब्ज त्याच टिपेत मान्य करतात. पुढे भावाला टेकडीचे द्वार उघडण्यासाठी तशाच उलट्या फेऱ्या घालाव्या लागतात. संकटात लोटणारी कृती आणि सोडविणारी कृती एकच ठरल्याने कथेचे दोन्ही भाग परस्परांशी घट्ट बांधले जातात.

कारण जोडल्याने कथा नेहमीच सुधारते असे मात्र नव्हे. ‘जॅक आणि घेवड्याचा वेल’ ह्या कथेचे बेंजामिन टॅबर्ट ह्यांनी १८०७ मध्ये जे रूप प्रसिद्ध केले, त्यात एक परी येऊन जॅकला सांगते की राक्षसाने तुझ्या पित्याचेच धन लुटले आहे. जॅकच्या चोरीला नैतिक आधार मिळावा, हा त्यामागील उद्देश उघड आहे. जेकब्ज ह्यांनी १८६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ऐकलेल्या कथेत ही परी नव्हती. आपल्या बालवाचकांवर अधिक विश्वास टाकून त्यांनी तिला काढून टाकले. उलट्या फेरीचे कारण घटनेला पुढे नेते. परीचे स्पष्टीकरण घटना थांबवून श्रोत्याला उपदेश करते. कथकाला हा भेद ओळखता आला पाहिजे.

‘टॉम टिट टॉट’ ही सफोक परगण्यातील कथा १८७८ मध्ये एका स्थानिक वृत्तपत्रात छापली गेली होती. सारण भरून भाजलेल्या पाच रोट्या कडक झाल्या म्हणून आई त्या फळीवर ठेवावयास सांगते व ‘त्या पुन्हा येतील’ असे म्हणते. वरचे कवच मऊ पडेल, हा तिचा आशय. मुलगी मात्र शब्दशः अर्थ घेऊन पाचही खाऊन टाकते. एका बोलीतील शब्दाच्या द्व्यर्थामुळे साऱ्या कथेला गती मिळते. पुढे राणी झालेल्या त्या मुलीला वर्षाच्या अखेरच्या महिन्यात रोज पाच लडी सूत कातून देणारा काळा, शेपटीचा जीव आपले नाव ओळखण्याची अट घालतो. ती चुकत जाते तसतशी त्याची शेपटी अधिकाधिक वेगाने गरगर फिरते. त्याच्या आनंदाचे वर्णन करावे लागत नाही. कथकाच्या बोटाची हालचाल पुरेशी होते. शेवटी राजा जेवताना सहज गंमत म्हणून सांगतो, की आज खाणीत एक विचित्र प्राणी स्वतःचे नाव गात सूत कातीत होता. राजाला त्या नावाचे महत्त्व ठाऊक नाही, राणीला ते कळले आहे पण बोलता येत नाही, आणि श्रोत्याला दोघांचेही मन दिसते. कथनातील उत्कंठा केवळ रहस्य राखून निर्माण होत नाही. कोणाला काय ठाऊक आहे ह्याच्या वाटणीतून ती अधिक तीव्र होते.

केल्टिक कथांकडे वळताना जेकब्जच्या मागे, मूळ साधनांपर्यंत, जाणे आवश्यक ठरते. स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ प्रदेशातील कथांचे जॉन फ्रान्सिस कॅम्बेल ह्यांनी केलेले चार खंड १८६०–६२ मध्ये निघाले. त्यांत गेलिक संहिता व इंग्रजी भाषांतर असून कथकाचे नाव, गाव व व्यवसाय ह्यांची नोंद आहे. ‘पक्ष्यांची लढाई’ ही कथा १८५९ मध्ये इनव्हरेरीजवळच्या जॉन मॅकेन्झी नावाच्या कोळ्याकडून टिपून घेतली होती. गेलिक कथांत नौकेचे प्रयाण, वीराची सज्जता, युद्ध अशा प्रसंगी ठराविक, अनुप्रासयुक्त शब्दावली येते. वाचकाला ती कंटाळवाणी वाटते. कथकाला मात्र ती पाठ असल्याने पुढील प्रसंगाची जुळवणी करण्यास अवकाश मिळतो, आणि श्रोत्याला परिचयाचा आनंद होतो. आयर्लंडमधील केरी परगण्याचे शॉन ओ कोनिल ह्यांच्या कथा जेम्स डेलार्गी ह्यांनी टिपल्या व १९४८ मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या. श्रोते दुर्मिळ झाल्यावर हे निरक्षर कथक गुरे चारताना दगडी कुंपणाला आणि बाजारातून परतताना गाडीच्या पाठीला हावभावांसह गोष्टी सांगत असत. स्मरणासाठी केलेला तो अभ्यास होता.

एकच कल्पना दोन परंपरांत कशी सांगितली जाते, हे पाहणे हाही कथनाचा उत्तम पाठ आहे. ‘सागरकन्या’ ह्या गेलिक कथेत सागरकन्येचा प्राण अंड्यात, अंडे माशात, मासा कावळ्यात आणि कावळा हरिणीत दडलेला आहे. जेकब्ज ह्यांच्या १८९२ च्या भारतीय संग्रहातील ‘पंचकिन’ कथेत मांत्रिकाचा प्राण दूर अरण्यात, पाण्याच्या सहा घड्यांखालील पिंजऱ्यातील पोपटात आहे. पहिल्या कथेत उत्कंठा पाठलागाची आहे : हरिणी धावते, कावळा उडतो, मासा बुडी मारतो, आणि नायकाने पूर्वी उपकृत केलेले प्राणी त्यांना एकेक करून पकडतात. दुसरीत उत्कंठा अंताची आहे : पोपटाचा पंख उपटला की समोर उभ्या असलेल्या मांत्रिकाचा हात गळून पडतो. ही दुसरी कथा मेरी फ्रिअर ह्यांच्या दख्खनी कथांच्या १८६८ च्या संग्रहातून घेतलेली आहे. ती सांगणाऱ्या आया आना लिबेराता डिसोझा ह्यांचे पूर्वज कालिकतहून येऊन गोव्याजवळ स्थायिक झाले होते. त्यांचे आत्मकथनही फ्रिअर ह्यांनी त्याच पुस्तकात छापले, म्हणून आज त्या कथेमागची व्यक्ती आपणांस ज्ञात आहे.

ह्या विवेचनावरून वाचनाची एक पद्धती सुचविता येईल. कथा प्रथम मोठ्याने वाचावी. मग पुस्तक मिटून ती सांगावी. आणि आपण काय विसरलो, काय नकळत जोडले, ते ताडून पाहावे. जे विसरले गेले ते अनावश्यक होते की आपल्याला त्याचे कार्य कळले नव्हते, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा. त्यानंतरच बदल करावा. बदल करण्याचा अधिकार कथकाला आहेच. शिंपी, कोळी, आया आणि संपादक ह्या सर्वांनी तो बजावला. परंतु बदल लपविला तर पुढील वाचक आपलीच कल्पना परंपरेचा पुरावा समजेल आणि मूळ कथक पुसला जाईल. म्हणून कथा कोणाकडून घेतली व तीत आपण काय केले, हे सांगणे कथकाचेही कर्तव्य ठरते. कथेइतकीच तिची टीपही पुढच्या कथकाला उपयोगी पडते.