गोरक्षाचं बालपण कोणी लिहिलं?

महाड एमआयडीसीतल्या आमच्या कॉलनीत शेजारचे काका श्रावणात पहिल्या पाळीला जायच्या आधी 'नवनाथ भक्तिसार'चा अध्याय वाचायचे. मी संशोधनाला लागल्यावर त्यांनी एकदा विचारलं, "मग हे सगळं खोटं का?" मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्नातच काहीतरी चुकतंय, हे कळत होतं. संशोधनाचा विषय शोधताना तुम्हीही बहुतेक इथेच अडखळाल, म्हणून हे लिहितेय.

आधी कथा. मच्छिंद्रनाथ एका निपुत्रिक बाईला मंतरलेली विभूती देतात. शेजारणींच्या बोलण्याने ती घाबरते आणि विभूती उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी नाथ परत येतात, हाक मारतात आणि उकिरड्यातून बारा वर्षांचा गोरक्ष बाहेर येतो. पुढे हाच मुलगा पोरांसाठी चिखलाचा पुतळा करताना संजीवनी मंत्र म्हणतो आणि त्या पुतळ्यातून गहिनीनाथ जन्मतात.

ही पोथी मालू कवीने शके 1741 मध्ये, म्हणजे इ.स. 1819 मध्ये पूर्ण केली. आता त्याच्याआधी 529 वर्षं मागे जा. शके 1212 च्या ज्ञानेश्वरीत, शेवटच्या अध्यायात, गुरुपरंपरा येते: मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. तिथे गोरक्ष आहे, पण उकिरडा नाही, चिखलाचा पुतळा नाही. बालपणच नाही.

इथे घाई करू नका. "ज्ञानेश्वरीत नाही, म्हणजे कथा नंतर रचली," हा निष्कर्ष कच्चा आहे. ज्ञानेश्वरांना तिथे परंपरा सांगायची होती, चरित्र नाही. कथा तोंडी फिरत असेलही. ग्रंथ एखाद्या गोष्टीबद्दल गप्प आहे, एवढ्यावरून ती गोष्ट नव्हतीच असं ठरत नाही.

उलट चूकही होते: चमत्कार दिसला की ग्रंथ उशिराचा, असं धरून चालणं. आमच्या शेजारच्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी 'शिवभारत' शिवाजी महाराजांच्या काळातच लिहिलं, तरी त्यात महाराज विष्णूचा अवतार आहेत. म्हणजे चमत्कारावरून काळ ठरवता येत नाही.

मग विचारायचं काय? कोरी जागा कोण भरतं आणि कशाने भरतं. युरोपातल्या मर्लिन या जादूगाराचं उदाहरण घ्या. नवव्या शतकातल्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम'मध्ये बाप नसलेला एक मुलगा राजाला सांगतो की तुझा बुरूज का ढासळतोय. त्याचं नाव मर्लिन नाही, अँब्रोसियस आहे. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ त्याला मर्लिन करतो आणि बापाच्या जागी एक पिशाच्च आणतो. 1970 मध्ये मेरी स्टुअर्ट 'द क्रिस्टल केव्ह' या कादंबरीत पिशाच्च काढून टाकते आणि बाप म्हणून हाडामांसाचा राजपुत्र देते. कोरी जागा तीच, बाप कोण? प्रत्येक काळाने आपल्याला पटेल ते उत्तर दिलं.

गोरक्षाकडे याच नजरेने बघा. त्याला आईच्या पोटी जन्म नाही. गुरूची विभूती आणि गुरूची हाक एवढंच आहे. गहिनीनाथही मंत्रातूनच येतात. म्हणजे ज्ञानेश्वरीत जी गुरुशिष्यांची साखळी नुसत्या नावांनी येते, तिला पोथीत जन्मकथेचं रूप मिळालंय: इथे शिष्य हाच मुलगा. हे माझं वाचन आहे, खोडून काढता येईल असं. प्रबंधात असंच वाक्य लागतं.

तुमच्या गावच्या सिद्धपुरुषाची कथा घ्या आणि वहीत तीन रकाने आखा: व्यक्तीचा काळ, सर्वांत जुना लेखी उल्लेख, बालपण पहिल्यांदा येतं तो ग्रंथ. पहिला रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. राहू द्या, अंदाजाने भरू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांमधलं अंतर हा तुमचा विषय.

काकांना आता मी सांगते, "खोटं-खरं मी तपासत नाही, काका. ही गोष्ट कोणी, कधी आणि कोणासाठी सांगितली, ते शोधते." ते म्हणाले, "मग यंदा पारायणाला ये." जाणार आहे, वही घेऊन.