बाटलीतलं बाळ

इटलीतल्या त्रेविझो शहरात संध्याकाळी मित्रमंडळी जमली की टेबलावर स्प्रिट्झ या मद्यपेयाचा नारिंगी ग्लास येतो. 2010 च्या सुमारास तिथल्या आरोग्य विभागाच्या भित्तिपत्रकांवर तोच ग्लास झळकला. फरक एवढाच, की त्या पेयात एक गर्भ होता. सोबत ओळ होती : आई पिते, तेव्हा बाळही पितं.

हे चित्र त्याच परिसरातल्या, बेनेटन समूहाच्या ‘फाब्रिका’ या कलाकेंद्राचं. 2014 मध्ये ‘टू यंग टू ड्रिंक’ या मोहिमेसाठी त्यांनी मद्याच्या बाटल्यांत अंग दुमडून पडलेली बाळं दाखवली. 9 सप्टेंबरला ती अनेक देशांत एकाच दिवशी लोकांसमोर आली. नवव्या महिन्यातला हा नववा दिवस 1999 पासून जगभर गरोदरपणातल्या मद्यपानाबद्दलच्या जागृतीसाठी पाळला जातो.

चित्र अंगावर येतं, पण त्यात अतिशयोक्ती नाही. आईच्या रक्तातलं मद्य वारेतून बाळाच्या रक्तात उतरतं. ते पचवण्याइतकं त्याचं यकृत तयार झालेलं नसतं आणि मेंदूची घडण तर नऊही महिने चालू असते. म्हणूनच गरोदरपणात मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. 1973 मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी यातून बाळाला होणाऱ्या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. खुंटलेली वाढ, लहान डोळे, पातळ वरचा ओठ ही त्याची लक्षणं. मात्र मद्याची झळ लागलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. त्यांचं लक्ष टिकत नाही, शिकवलेलं लक्षात राहत नाही, राग आवरत नाही. आणि मेंदूला झालेल्या इजेबद्दल ती बोलणी खातात.

मद्य आणि मूल हा विषय चित्रकलेला नवा नाही. लंडनच्या विल्यम होगार्थच्या ‘जिन लेन’मध्ये (1751) झिंगलेल्या आईच्या हातून मूल खाली कोसळतंय. पाहणाऱ्याचा सगळा संताप त्या बाईवर निघतो. फाब्रिकाच्या चित्रांत आई दिसतच नाही, आणि हे फार मोलाचं आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधीच अनेकींनी मद्य घेतलेलं असतं. कधी ग्लास नवऱ्यानेच भरलेला असतो. बोल लागेल या भीतीने बाई डॉक्टरांपासून खरं लपवते, आणि मुलाला वेळेवर मिळू शकणारी मदत हुकते.

कॅनडाच्या आर. जे. फॉर्मानेक यांना हा विकार स्वतःलाच आहे. त्यांनी लाल बूट घालायला सुरुवात केली, लोक विचारू लागले आणि बोलणं सुरू झालं. आज अनेक देशांत 9 सप्टेंबरच्या सुमारास लोक लाल बूट घालतात.

फ्रान्समध्ये 2007 पासून मद्याच्या बाटलीवर काट मारलेली गर्भवतीची आकृती छापतात. भारतात 2018 च्या नियमांनी ठरवलेला इशारा आरोग्य आणि वाहन चालवणं यांबद्दल बोलतो. गर्भवतीचा त्यात उल्लेख नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही समजेल असं ते छोटं चित्र आपल्याकडच्या प्रत्येक बाटलीवर यायलाच हवं.