सातबारा, सळई आणि स्लॅबवरचे पाणी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. लग्न आमचे विहारात दोन तासांत, पंचवीस माणसांच्या जेवणात उरकले होते. घराला मात्र अडीच वर्षे लागली. या अडीच वर्षांत जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात एका जागी सापडत नाही, म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहे. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालेला लिपिक आहे. पण कागद वाचणे आणि बेरीज तपासणे हे माझे रोजचे काम, आणि घर बांधताना सिमेंटच्या खालोखाल तेच उपयोगी पडते.

जळगावात आम्ही एकोणीस वर्षे भाड्याने राहिलो. चार खोल्या बदलल्या. एका ठिकाणी खोली पसंत पडली, भाडे ठरले, डिपॉझिट घेऊन गेलो तर मालकीणबाईंनी हसतमुखाने विचारले, "भिंतीवर फोटो कोणाचा लावणार?" मी खरे तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या बदलून जळगावला येणार असल्याचे कळले. त्या रात्री माझी पत्नी म्हणाली, "आता खोली नको, जागा बघा."

जागा बघायला निघालो आणि पहिल्याच फेरीत बुडता बुडता वाचलो.

शहराबाहेर एक गुंठ्याचा तुकडा, भाव बाजारापेक्षा बराच कमी, आणि दलाल ओळखीचा. शेजारी आपल्याच समाजाची पाच-सहा घरे उभी. "नोटरी करून देतो, सातबारा मागाहून होतोच," असे तो म्हणाला. मी इसाराची रक्कम खिशात घेऊन गेलो होतो. धुळ्याचे दाजी बरोबर होते, त्यांनी माझा हात धरला. ते म्हणाले, "आधी सातबारा बघू. घर सहा महिने उशिरा झाले तर कोणी मरत नाही."

सातबारा आता घरबसल्या संगणकावर मिळतो, डिजिटल सहीचा उतारा थोड्या पैशांत निघतो. त्यात भूधारणा पद्धतीपुढे लिहिलेले होते: भोगवटादार वर्ग २. जुने फेरफार काढले तेव्हा उलगडा झाला. ती जमीन महार वतनाची होती.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपल्यातल्या शिकलेल्यांनाही हे माहीत नसते. याच वतनाच्या जोखडातून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करण्याच्या कायद्याने वतने गेली आणि जमिनी कसणाऱ्या वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण अटीवर. बिनशेती वापरासाठी ती जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि सरकारी नजराणा लागतो. तसे न करता विकली तर तो शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. इथे कोणीतरी त्या वारसांकडून स्वस्तात कागद करून घेतला होता, गुंठे पाडले होते आणि गिऱ्हाईकही आपल्याच वस्त्यांतून गोळा केले होते. आपल्याच आजोबांची जमीन नातवंडांना, तीही खोट्या कागदावर! त्या पाच-सहा घरांतली माणसे कामगार आहेत. त्यांना मी उतारा दाखवला तेव्हा एक बाई नुसती उंबऱ्यावर बसून राहिली. त्यांच्यासाठी अर्ज-विनंत्या अजून चालू आहेत, तो विषय वेगळा लिहावा लागेल.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी एवढे पाहाच. सातबाऱ्यावर धारणेचा वर्ग कोणता, इतर हक्कांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आउट आहे का, त्या नकाशावरचा प्लॉट नंबर आणि जागेवरचा खुंट एकच आहे का. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढावा. त्याची फी जिवावर येते, पण इसार बुडण्यापेक्षा ती स्वस्त. गुंठेवारीसाठी २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. तुकडेबंदी आणि बिनशेतीच्या नियमांतही अलीकडे बदल झाले आहेत. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर जाऊ नये, आजचा नियम कार्यालयात विचारावा. आणि "नंतर नियमित होतेच" हे वाक्य दलालाच्या तोंडी आले की उठावे.

सरकारी घरकुल मिळणार म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनाही एक आठवण देतो. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराचा गुन्हा २००६ साली नोंदला गेला, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना शिक्षा सुनावली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. ज्या गरिबांसाठी ती घरे होती त्यांची मुले तेवढ्या काळात लग्नाची झाली. याउलट रमाई आवास योजनेत घर आपल्या जागेवर आपणच बांधायचे असते आणि अनुदान कामाच्या टप्प्याने मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी असलेल्या या योजनेत २६९ चौरस फुटांचे घर धरले आहे. पात्र असेल त्याने अर्ज करावा, मात्र पहिला हप्ता येईपर्यंत जुने घर पाडू नये. पाडून बसलेली दोन कुटुंबे मी पावसाळ्यात ताडपत्रीखाली पाहिली आहेत.

आम्हाला शेवटी बिनशेती प्लॉट मिळाला तो दक्षिणेकडे तोंड असलेला. त्याच ओळीत समोरचे उत्तराभिमुख प्लॉट महाग, आमचा स्वस्त. कारण काय, तर वास्तुशास्त्र! लोकांच्या भीतीने आमचे पैसे वाचले. ठेकेदाराने दार कोपऱ्यात वळवायचा सल्ला दिला, मी नकाशा बदलला नाही. दिशा पाहिल्या, पण उन्हाच्या. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, मे अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्यात ऊन आत येत नाही आणि थंडीत तिरपे ऊन मात्र येते. खरा शत्रू पश्चिमेची भिंत. चार वाजता तिला हात लावून पाहा! म्हणून जिना, न्हाणी आणि सामानाची खोली आम्ही पश्चिमेला टाकली, झोपायच्या खोल्या पूर्वेला.

आता पाया. तापीच्या खोऱ्यात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ठेवलेले घर दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे खाली बसते, आणि तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. दाजींच्या धुळ्याच्या घराला तीन फुटांवर मुरूम लागला होता, त्या हिशोबाने मी अंदाजपत्रक धरले. आमच्याकडे चार फूट खणले, काळी माती. पाच फूट, तीच. मिस्त्री खड्ड्यात उतरून ढेकूळ हातात चुरत म्हणाला, "भाऊसाहेब, हाई माटी भरोसानी नही शे." सात फुटांवर मुरूम लागला. तोवर अंदाजपत्रकातला फरशीचा पैसा जमिनीत गेला होता. पत्नीने एका शब्दाने विचारले नाही, मीच आपला रात्री कागदावर आकडे मांडत बसायचो. आज वाटते, खर्च वाचवायचा तर वर वाचवावा. फरशी पाच वर्षांनी बदलता येते, पाया बदलता येत नाही. खड्ड्यांतून निघालेली काळी माती जोत्यात भरू नका, ठेकेदार हमखास भरतो. मुरूम भरून पाणी मारून थरथराने ठोकून घ्या.

मालाच्या बाबतीत बी.कॉम. कामी आले. सळईचे वजन काढायचे सूत्र सोपे आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते मिळते. आठ मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई ४.७४ किलो भरते, बारा मिलिमीटरची १०.६७. आमच्याकडे एकदा ५०० किलो आठ मिलिमीटरचे बिल आले. म्हणजे शंभराच्या वर सळया हव्यात. मोजल्या तर ९२. वजनात थोडी कमी-जास्त सूट असते, पण एवढी नाही. मी गाडी तशीच वजनकाट्यावर नेली. दुकानदाराने काही न बोलता राहिलेल्या सळया संध्याकाळी पाठवल्या, आणि पुढे आमचा माल कधी कमी आला नाही. वाळूचेही तेच. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि माल दीड फूट असेल तर ती ९० घनफूट झाली, ब्रास नाही. टेप घेऊन ट्रॉलीवर चढायला लाजू नये. गिरणेची वाळू महाग आणि पावतीचा घोळ, म्हणून आम्ही कामाला खडीची क्रश वाळू वापरली, प्लास्टरला तेवढी नदीची चाळून. भिंती राखेच्या विटांच्या. दीपनगरच्या औष्णिक केंद्रामुळे आपल्याकडे राख जवळच आहे, विटा एकसारख्या येतात आणि प्लास्टर पातळ बसते.

पैशाचे थोडक्यात सांगतो. बँक कर्ज एकदम देत नाही. जोते, लिंटेल, स्लॅब असे टप्पे पाहून देते. टप्पा झाल्यावर पैसा येतो, पण टप्पा करायला पैसा आधी लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. स्लॅबच्या आधी आमचे काम सात आठवडे थांबले, पत्नीच्या बचत गटाने मार्ग काढला. मजुरीचा करार लेखी करा, दर चौरस फुटाने आणि हप्ते कामाच्या टप्प्याने. शेवटचा हप्ता नळ, उतार आणि गळती तपासल्यावरच द्या.

स्लॅब पडला तो एप्रिलमध्ये. याहून वाईट महिना नाही, पण थांबलेले काम तेव्हाच सुरू झाले. स्लॅबच्या दिवशी मिक्सरपाशी मी स्वतः उभा होतो. गोणीला पंचवीस ते तीस लिटरच्या वर पाणी घालू दिले नाही. माल पातळ केला की मजुरांना ओढायला सोपा जातो, पण ताकद जाते. राखमिश्रित सिमेंट आणि असे ऊन, तेव्हा निदान चौदा दिवस स्लॅब ओला हवा, असे इंजिनिअरने बजावले होते. चौथ्या दिवशी मिस्त्रीची सगळी माणसे लग्नाला गेली. मी कार्यालयात. नळाला पाणी नाही, टँकर सांगितलेला.

संध्याकाळी जाऊन पाहतो तर माझी आई, वय सत्तरीच्या पुढे, शिडीवरून स्लॅबवर चढलेली! तिने लुगड्याचा काष्टा घातला होता आणि मातीचे बांध घालून सगळ्या स्लॅबवर वाफे पाडले होते, कांद्याच्या रानात पाडतात तसे, एकातून दुसऱ्यात पाणी जाईल असे. टँकरवाल्याकडून पाइप धरून घेतला होता. तिने चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतात असे वाफे भरले. मी रागावलो, तर म्हणाली, "मजूर आळ्याला पाणी सोडून पळतात. वाफा भरला की तीन दिवस हलायला नको." लहानपणी तिने आपल्या धाब्याच्या घरावर पांढरी माती तुडवली होती. ते घर उन्हाळ्यात गार असायचे, हेही तिनेच सांगितले. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर खोलीत ऊन सोडतो. म्हणून आम्ही गच्चीवर दर मार्चला पांढरा चुना मारतो, दोन हात. खर्च थोडा, पण कुलर लावायची वेळ संध्याकाळी दोन तास पुढे गेली.

नकाशात एक भांडण मात्र राहिले होते. पत्नीला ओटा मोठा हवा होता, मला मुलीसाठी अभ्यासाची खोली. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून, असा दाखला मी दिला. पत्नी म्हणाली, "राजगृहात रमाईंना स्वयंपाकघर कसे होते ते सांगा आधी." मला सांगता आले नाही. शेवटी हॉल तीन फुटांनी आखडला आणि दोन्ही झाले. पाहुणे आले की थोडे दाटीने बसतात.

घरात वंदना घेऊन राहायला आलो तेव्हा दारे-खिडक्यांना रंग नव्हता. खरेदीखत दोघांच्या नावाने, पाटी मुलीने लिहिली. कंपाउंडची भिंत अजून व्हायची आहे, राखेच्या विटा पूर्वेच्या भिंतीशी रचून ठेवल्या आहेत, आणि आईने त्यांच्यापुढे आताच दोन वाफे मेथी टाकली आहे.