ऊन किती मिळते आणि किती घ्यावे?

जून महिन्यात पेण-रोह्यात दिवस सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. तरीही आपल्याला ऊन जास्त मिळते ते डिसेंबरातच, कारण जूनमध्ये ढग येतात. जवळच्या मुंबईतील मोजणीनुसार मे महिन्यात रोज सरासरी साडेनऊ तास ऊन पडते, जानेवारीत साडेआठच्या वर आणि जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम अडीच तास. वर्षावासाचा काळ हा असा उन्हाच्या टंचाईचा असतो.

ऊन अंगावर पडले की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. त्याच्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम हाडांना नीट लागत नाही. मग मोठ्यांची कंबर, मांड्या दुखतात, जिना चढताना त्राण राहत नाही. लहान मुलांना मुडदूस होतो: पाय वाकतात, मनगटे रुंद होतात, दात आणि चालणे उशिरा येते. ही नजर नव्हे, करणीही नव्हे. गंडादोरा न बांधता मुलाला सरकारी दवाखान्यात दाखवावे. वेळेत उपचार झाले तर मुडदूस बरा होतो.

आपल्या वस्त्यांत घरे एकमेकांना चिकटलेली, गल्लीत ऊन येते ते फक्त दुपारी. पहाटे कामाला जाणारी आणि अंधार पडल्यावर परतणारी बाई, गणपतीच्या कारखान्यात दिवसभर सावलीत रंगकाम करणारी मुलगी, बाळंतीण आणि अंथरुणावरचे म्हातारे यांना भर उन्हाळ्यातही ऊन लागत नाही. सावळ्या कातडीला तर गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. काचेतून आलेले ऊन या कामी उपयोगाचे नाही.

ऊन कधी घ्यावे, हे आपली सावलीच सांगते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन चांगले उपयोगी पडते. मे महिन्यात ही वेळ सकाळी दहाच्या आधीच येते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे पुरेत. डिसेंबरात ती दुपारी बारा ते एकच्या सुमारास असते, तेव्हा अर्धा तास बसावे. चेहरा, हात आणि पाय उघडे असावेत. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार उन्हात थांबू नये. जयंतीच्या मिरवणुकीतही डोक्याला कापड आणि सोबत पाणी असावे.

कोकणात आपण पावसाळ्याची बेगमी आधी करतो. मीठ, सुकट, लाकूडफाटा सारे मेअखेर घरात येते. ड जीवनसत्त्वही शरीराच्या चरबीत काही आठवडे साठून राहते. म्हणून त्याची बेगमी ऑक्टोबर ते मे या काळात करावी. जेवणात नाचणीची भाकरी, तीळ, सुकट आणि अंड्याचा बलक असावा. पावसात उघडीप मिळाली की माणसांनी बाहेर पडावे आणि गोधड्याही उन्हात टाकाव्यात.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्यांत ड जीवनसत्त्वही असते. त्या फडताळात ठेवून देऊ नयेत. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व कमी असते, म्हणून बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात. त्याविषयी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे. मात्र मोठ्या ताकदीच्या पुड्या मनाने दुकानातून आणून घेऊ नयेत. जास्त झाल्यास मूत्रपिंडाला इजा होते.