पैलवान म्हणजे नुसती ताकद नाही!

आजचा शब्द आपल्या मातीतला: पैलवान. खान्देशात जत्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच, आणि दंगल म्हटली की पैलवान.

बरेच जण मला सांगतात, 'जो पहिला येतो तो पहिलवान.' ऐकायला भारी वाटतं, पण तसं नाहीये. हा शब्द फारसी 'पहलवान'वरून आला. त्याच्या मुळाशी आहेत पहलव, म्हणजे जुन्या इराणातले पार्थियन लोक. घोड्यावरून बाण मारण्यात एकदम तरबेज! पुढे त्यांच्या नावालाच 'वीर' असा अर्थ आला. फिरदौसीच्या 'शाहनामा'तला रुस्तुम हा असाच पहलवान. दोन फौजा समोरासमोर आल्या की आपल्या बाजूने एकटा पुढे होऊन लढणारा.

गंमत बघा, हेच लोक आपल्या शेजारी नाशिकच्या पांडवलेणीतही भेटतात. गौतमीपुत्र सातकर्णीने शक, यवन आणि पल्हवांचा पाडाव केला, असं तिथल्या शिलालेखात कोरलंय. तेव्हाच्या शत्रूचं नाव आज आपण कौतुकाने घेतो!

म्हणून 'पैलवान आहे, डोकं कमी' असं म्हणण्याआधी थोडं थांबा. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, आणि पुढे पोलीस उपअधीक्षकही.

पैलवान म्हणजे फक्त कमावलेलं शरीर नाही. सगळ्या गावाच्या वतीने जो लंगोट कसून पुढे होतो, तो पैलवान.