उसन्या पैशांवर गांठलेलें संमेलन

कथालेखक हा एकांतांत काम करणारा कारागीर आहे. गवयाच्या तानेला समोरची मैफल तत्काळ दाद देते, नटाला टाळ्या ऐकूं येतात, सुतारानें केलेल्या खुर्चीवर गिऱ्हाईक त्याच्यादेखत बसून पाहतें. परंतु कथा लिहिणाराला आपल्या वाचकाचें तोंड बहुधा दिसतच नाहीं. कथा टपालपेटींत पडते आणि एक तर छापून येते किंवा 'साभार परत' येते. या दोहोंपैकीं कोणत्याच वेळीं ती कोणाच्या हृदयाला भिडली कीं नाहीं हें त्याला समजत नाहीं. लेखक व वाचक यांना एका छपराखालीं आणणाऱ्या संमेलनांचें महत्त्व यांत आहे.

आपल्याकडे न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें १८७८ सालीं पुण्यास ग्रंथकारांचें संमेलन भरलें आणि तेथपासूनची परंपरा सर्वांना ठाऊक आहे. तें संमेलन ग्रंथकारांनीं बोलाविलें होतें. अमेरिकेंत मात्र विज्ञानकथेच्या क्षेत्रांत याच्या उलट प्रकार रूढ झाला. तेथें यजमान असतो वाचक, आणि लेखक हा त्यानें बोलाविलेला पाहुणा. ही प्रथा कशी पडली, आणि अशा एका संमेलनाची तयारी करतांना एका होतकरू लेखकाचें जीवन कसें घडत गेलें, हें पाहण्यासारखें आहे.

एप्रिल १९२६ मध्यें ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकानें 'अमेझिंग स्टोरीज' हें केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें मासिक अमेरिकेंत सुरू केलें. त्यांत वाचकांचीं पत्रें छापलीं जात, आणि पत्राखालीं लिहिणाराचा संपूर्ण पत्ता दिला जाई. गोष्ट लहानशी, पण तिचा परिणाम मोठा झाला. वाचक संपादकाला पत्र लिहितां लिहितां एकमेकांनाच पत्रें लिहूं लागले. गांवोगांवीं मंडळें निघालीं. १९३४ सालीं गर्न्सबॅकनेंच 'सायन्स फिक्शन लीग' नांवाचा संघ काढून या मंडळांना एका सूत्रांत गोंवलें. मेणकागदावर टंकलेखन करून हातयंत्रावर छापलेलीं हौशी मासिकें निघूं लागलीं. त्यांचा संपादक, लेखक, मुद्रक आणि टपालवाला बहुधा एकच असे. पत्रांतून जमलेली मैत्री प्रत्यक्ष भेटीची इच्छा करते, हा मनुष्यस्वभावच आहे. १९३७ च्या जानेवारींत इंग्लंडमधील लीड्स शहरीं असे वाचक एकत्र जमले. पुढें १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें 'उद्यांचें जग' ही कल्पना मध्यवर्ती ठेवून मोठें जागतिक प्रदर्शन भरलें, तेव्हां तोच मोका साधून तेथील तरुण वाचकांनीं विज्ञानकथेचें पहिलें जागतिक संमेलन २ ते ४ जुलै या दिवसांत भरविण्याचें ठरविलें.

ही वार्ता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस शहरांत, रे ब्रॅडबरी नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या कानीं आली.

ब्रॅडबरीचा जन्म २२ ऑगस्ट १९२० रोजीं इलिनॉय संस्थानांतील वॉकीगन या गांवीं झाला. वडील विजेच्या व टेलिफोनच्या तारांच्या कामावर होते. मंदीच्या काळांत काम शोधीत कुटुंबाला हिंडावें लागलें, आणि १९३४ सालीं तें लॉस एंजेलिस येथें स्थिरावलें. मुलाला लिहिण्याचा नाद बारा वर्षांच्या वयापासून लागलेला. त्याच वयांत टुसान शहराच्या नभोवाणी केंद्राचा उंबरठा झिजवून त्यानें लहान मुलांसाठीं चित्रकथा वाचून दाखविण्याचें काम मिळविलें होतें. मोबदला काय, तर सिनेमाचीं तिकिटें! १९३८ सालीं त्याचें शालेय शिक्षण संपलें. महाविद्यालयाचा खर्च घराला झेपण्यासारखा नव्हता. तेव्हां त्यानें दोन उद्योग पत्करले. दिवसाच्या ठराविक वेळीं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभें राहून वर्तमानपत्रें विकावयाचीं, आणि उरलेला वेळ सार्वजनिक ग्रंथालय व टंकयंत्र यांना द्यावयाचा. पहिल्या उद्योगांत हातखर्चापुरतें मिळे. दुसऱ्यांत कांहींच मिळत नसे. त्याची एक कथा १९३८ च्या जानेवारींत एका हौशी मासिकानें छापली होती खरी, पण तिला मोबदला नव्हता. धंदेवाईक मासिकांकडून त्याच्या कथा परत येत.

अशा मुलाला आधार होता तो शहरांतील विज्ञानकथा-मंडळाचा. क्लिफ्टन यांच्या उपाहारगृहांत हें मंडळ जमे. या उपाहारगृहाचा एक नियम असा कीं, ज्याच्या खिशांत पैसे नसतील त्यालाही उपाशी परत पाठवावयाचें नाहीं. मंदीच्या दिवसांत साहित्यमंडळाला याहून सोयीची जागा कोणती मिळणार? १९३७ पासून ब्रॅडबरी तेथें जाऊं लागला. तेथें त्याला फॉरेस्ट अ‍ॅकरमन भेटला. हा त्याच्याहून चारच वर्षांनीं मोठा, पण विज्ञानकथांचा थोर संग्राहक आणि मित्रांसाठीं पदरमोड करणारा गृहस्थ होता.

न्यूयॉर्कच्या संमेलनाची तयारी म्हणजे नेमकें काय? प्रतिष्ठित लेखकाची तयारी भाषण लिहिण्याची असते. ब्रॅडबरीला भाषणाचें निमंत्रण नव्हतें. त्याला कोणी ओळखतही नव्हतें. त्याच्यापुढें पहिला प्रश्न असा कीं, देशभरचे संपादक, चित्रकार आणि लेखक जमतील त्या ठिकाणीं आपली ओळख काय म्हणून सांगावयाची? विकलेली कथा एकही नाहीं. मग त्यानें स्वतःचें मासिकच काढलें. 'फ्युचुरिया फँटाशिया' या नांवाचा त्याचा पहिला अंक १९३९ च्या उन्हाळ्यांत निघाला. खर्चाचा भार अ‍ॅकरमननें उचलला. अंक भरण्याइतके लेखक कोठून आणावयाचे? ब्रॅडबरीनें टोपणनांवें घेऊन बराचसा मजकूर स्वतःच लिहिला. असे एकूण चार अंक १९४० पर्यंत निघाले. विक्रीच्या हिशेबानें पाहिलें तर हा उद्योग आंतबट्ट्याचा होता. परंतु अंक जुळवतांना दुसऱ्याचें लिखाण वाचावें लागतें, कापावें लागतें, जागेचा हिशेब ठेवावा लागतो. जें शिक्षण महाविद्यालयांत मिळालें नसतें, तें त्याला येथें मिळालें.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्क सुमारे २८०० मैल. वर्तमानपत्रें विकणाऱ्या मुलाला बसचें तिकीटही परवडणारें नव्हतें. येथेंही अ‍ॅकरमन धांवून आला. त्यानें प्रवासासाठीं पैसे उसने दिले. ज्याची एकही कथा विकली गेलेली नाहीं, ज्याच्या घरीं ओढाताण आहे, अशा मुलानें कर्ज काढून देशाच्या दुसऱ्या टोकाला कथालेखकांच्या मेळाव्यास जावें कीं नाहीं? व्यवहारी माणूस या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेंच देईल, आणि त्याला दोषही देतां येणार नाहीं. कर्ज तर नक्की होतें. त्याच्या बदल्यांत काय पदरीं पडणार तें कोणालाच सांगतां आलें नसतें.

तयारीचा तिसरा भाग सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मंडळाच्या परिचयांतील हॅनेस बोक या तरुण चित्रकाराची स्थिति ब्रॅडबरीपेक्षां बरी नव्हती. चित्रें उत्तम काढी, पण न्यूयॉर्कला जाण्याचें सामर्थ्य नाहीं. 'फ्युचुरिया फँटाशिया'चीं मुखपृष्ठें त्याचींच होतीं. ब्रॅडबरीनें बोकचीं चित्रें बरोबर घेतलीं. स्वतःच्या कथांना अजून कोणी विचारीत नसतां, मित्राचीं चित्रें संपादकांना दाखवीन असें ठरवून हा मुलगा निघाला.

चार दिवस आणि चार रात्री बसचा प्रवास करून तो न्यूयॉर्कला पोहोंचला. 'कॅरॅव्हॅन हॉल' या सभागृहांत सुमारे दोनशे लोक जमले होते. आजच्या मानानें हा आंकडा क्षुल्लक वाटेल, पण या वाङ्मयाच्या वाचकांचा एवढा मेळावा तोंपर्यंत कोठेंच भरला नव्हता. संमेलनाचा सन्मान्य पाहुणा म्हणून फ्रँक पॉल या चित्रकाराला बोलाविलें होतें. ज्याच्या मुखपृष्ठांनीं वाचकांना प्रथम या वाङ्मयाकडे ओढलें, त्याचा हा गौरव यथायोग्यच होता. 'अस्टाउंडिंग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल तेथें होते. एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्हही होता. त्याची पहिली कथा त्याच वर्षीं मार्चच्या 'अमेझिंग स्टोरीज'मध्यें छापून आली होती. 'मेट्रोपोलिस' हा मूकपट दाखविण्यांत आला. अ‍ॅकरमन व त्याची मैत्रीण मर्टल डग्लस हीं दोघें भविष्यकाळांतील माणसांचा पोशाख करून हिंडलीं. तो पोशाख मर्टलनें स्वतः शिवला होता. आज अशा मेळाव्यांतून हजारो लोक आवडत्या पात्रांचा वेष धारण करून येतात, त्या प्रथेचें मूळ येथें दाखवितात.

मात्र हें संमेलन म्हणजे केवळ प्रेमाचा सोहळा होता असें समजूं नये. तरुणांच्या दोन गटांत आधींपासून वितुष्ट होतें. ते गोंधळ घालतील या भीतीनें चालकांनीं फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वॉलहाइम प्रभृति सहा जणांना दारांतच अडविलें. साहित्याच्या घरीं कोणाला यावयाचा अधिकार, हा वाद पहिल्याच दिवशीं उंबरठ्यावर उभा राहिला. साहित्यसंमेलनें पाहिलेल्या श्रोत्यांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

या सर्व खटाटोपाचें फळ काय मिळालें? ब्रॅडबरीची कथा न्यूयॉर्कमध्यें विकली गेली नाहीं. परंतु तो 'विअर्ड टेल्स' मासिकाचे संपादक फार्न्सवर्थ राइट यांजकडे बोकचीं चित्रें घेऊन गेला, आणि तीं त्यांना पसंत पडलीं. डिसेंबर १९३९ च्या अंकाचें मुखपृष्ठ बोकनें काढलेलें आहे. पुढें १९५३ सालीं विज्ञानकथेचे ह्यूगो पुरस्कार प्रथम दिले गेले, तेव्हां मुखपृष्ठचित्रकाराच्या पुरस्काराचा तो एक मानकरी ठरला. म्हणजे ज्यानें कर्ज काढलें त्याला रिकाम्या हातीं परतावें लागलें, आणि जो घरीं राहिला त्याचें काम झालें! तरीही ब्रॅडबरीचा हात खरोखर रिकामा नव्हता. न्यूयॉर्कमध्यें त्याची ज्यूलियस श्वार्ट्झ यांच्याशीं भेट झाली. लेखकांच्या कथा मासिकांना विकून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. परतल्यावर ब्रॅडबरी पुन्हां कोपऱ्यावर वर्तमानपत्रें विकूं लागला, पुन्हां लिहूं लागला. ली ब्रॅकेट, रॉबर्ट हाइनलाइन, हेन्री कट्नर असे मंडळांतील अनुभवी लेखक त्याच्या कथा वाचून दोष दाखवीत. १९४१ सालीं श्वार्ट्झ यांनीं त्याची पहिली कथा विकली. ती हेन्री हॅस या मित्राबरोबर लिहिलेली. मोबदला साडेसत्तावीस डॉलर, त्याचा अर्धा वांटा याचा. ती 'सुपर सायन्स स्टोरीज'च्या नोव्हेंबर १९४१ च्या अंकांत आली. गंमत अशी कीं, या मासिकाचा पहिला संपादक म्हणजे संमेलनाच्या दारांतून परत पाठविलेला फ्रेडरिक पोल होय.

मध्यंतरीं महायुद्ध पेटलें. १९४२ सालीं लॉस एंजेलिस येथें भरावयाचें जागतिक संमेलन पुढें ढकलावें लागलें, तें १९४६ सालीं भरलें. तोंपर्यंत वर्तमानपत्रें विकणारा मुलगा ठिकठिकाणच्या मासिकांतून लिहिणारा कथाकार झाला होता. १९५० सालीं 'दि मार्शियन क्रॉनिकल्स' आणि १९५३ सालीं 'फॅरेनहाइट ४५१' हीं त्याचीं पुस्तकें आलीं व त्याचें नांव जगभर गेलें. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें १९३९ चें संमेलन भरलें होतें, तसेंच प्रदर्शन न्यूयॉर्कला १९६४ सालीं पुन्हां भरलें. त्यांतील अमेरिकन सरकारच्या दालनासाठीं निवेदन लिहिण्याचें काम ब्रॅडबरी यांजकडे आलें.

संमेलनाला जाण्यानें कोणी लेखक होत नाहीं. ब्रॅडबरी दोन वर्षें अगोदर किंवा दोन वर्षें नंतर न्यूयॉर्कला गेला असता तरी लिहिल्यावांचून त्याला गत्यंतर नव्हतें. पण त्या धडपडीनें एक गोष्ट केली. एकांतांत टंकयंत्र बडविणाऱ्या मुलाला तिनें संपादक केलें, ऋणको केलें, आणि मित्राचा वकील केलें. या तिन्ही नात्यांत माणसाला स्वतःबाहेर पाहावें लागतें. कथालेखकाला जी वस्तु सर्वांत दुर्लभ, ती म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहण्याची संवय. ती त्याला संमेलनाच्या व्यासपीठावर लाभली नाहीं, वाटेवर लाभली.

१९७० सालीं सॅन डिएगो येथें चित्रकथांच्या चाहत्यांचा असाच एक मेळावा प्रथमच भरला. जमले सुमारे तीनशे लोक. ब्रॅडबरी तेथें पाहुणे म्हणून गेले. १९८६ सालीं अटलांटा येथील जागतिक संमेलनांत ते सन्मान्य पाहुणे होते. ५ जून २०१२ रोजीं वयाच्या ९१ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. सॅन डिएगोच्या मेळाव्याला आतां लाखाहून अधिक लोक जमतात. तेथें झगमगाट असतो, मोठ्या कंपन्यांचीं दालनें असतात. पण त्या गर्दींत एखादा मुलगा घरच्यांची समजूत घालून, कोणाकडून तरी उसने पैसे घेऊन, पिशवींत आपल्या चार गोष्टी व मित्राचीं चार चित्रें ठेवून आलेला असतोच. आपल्या घरांतील एखादें मूल अशीच पिशवी भरूं लागलें, तर त्याला हिशेब अवश्य विचारावा. परंतु तो विचारतांना अ‍ॅकरमनची आठवण ठेवावी. ब्रॅडबरीनें त्याचें कर्ज पुढें फेडलें.